सौदी अरेबियात नर्सची नोकरी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

सौदी अरेबियातली रुग्णालये कित्येक दशके परदेशी नर्सच्या बळावर चालत आली आहेत. तरीही महाराष्ट्रातली मुलगी तिकडे निघाली की घरच्यांची पहिली शंका ठरलेली असते: एकटी बाई तिथे जाऊ शकते का? जाऊ शकते. नर्सच्या नोकरीच्या व्हिसासाठी सोबत नवरा, वडील किंवा भाऊ लागत नाही. घाबरायचे असेल तर व्हिजिट व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणणाऱ्या एजंटला घाबरा.

पात्रता साधी आहे. बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम (नर्सिंगची पदविका), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी आणि अनुभव. बहुतेक जाहिरातींत रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात.

खरी अडचण कागदांवरच्या नावांची. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव, काहींचे तर लग्नात पहिले नावही बदललेले. परदेशी तपासनिसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. म्हणून अर्जाआधीच विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा, पहिले नाव बदलले असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि कौन्सिलची नोंदणी व पासपोर्ट एकाच नावावर आणा. याला वेळ लागतो, पण पुढचे सगळे यावरच अवलंबून आहे.

त्यानंतर पदवी, नोंदणी आणि अनुभवाची प्रमाणपत्रे डेटाफ्लोकडे जातात. ही संस्था थेट कॉलेजला, कौन्सिलला आणि रुग्णालयाला विचारून खातरजमा करते. बंद पडलेल्या नर्सिंग होमचा अनुभव इथेच अडकतो. सौदीत आरोग्य कर्मचाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीजच्या मुमारिस प्लस पोर्टलवर खाते उघडावे लागते आणि प्रोमेट्रिक केंद्रावर संगणकावर परीक्षा द्यावी लागते. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशात चालणारे प्रमाणन. सौदी अरेबिया २०२२ पासून अपोस्टिल करारात आहे.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. सौदी अरेबिया भारत सरकारच्या ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे कामासाठी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) यादीतल्या १८ देशांपैकी एक आहे. पदवीधरांना एरवी या मंजुरीतून, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्समधून, सूट असते, पण २०१५ पासून नर्सना ती नाही. पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नसला तरी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून क्लिअरन्स घ्यावाच लागतो. भरती केरळच्या नोर्का रूट्स किंवा ओडेपेकसारख्या सरकारी संस्थेमार्फत होते. खासगी एजन्सी असेल तर तिचा परवाना आणि नर्सभरतीची परवानगी ई-मायग्रेटवर तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरच्या जीएसटीहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमाही याच टप्प्यावर काढा.

करारात पगार रियालमध्ये, ड्युटीचे तास, राहण्याची सोय, वार्षिक रजा आणि परतीचे तिकीट लिहिलेले हवे. तोंडी आश्वासन तिथे कामाला येत नाही.

वैद्यकीय तपासणी आखाती देशांच्या वाफिद पोर्टलवरून ठरवून दिलेल्या केंद्रातच होते. त्यात गर्भधारणेचीही चाचणी असते. मग बोटांचे ठसे आणि व्हिसा.

कपड्यांबद्दल: परदेशी बाईला डोके झाकायची सक्ती आता नाही, अंगभर सैल कपडे हवेत. काही शहरांत आणि वसतिगृहांत अबाया (अंगभर सैल झगा) घालणेच सोयीचे पडते. रुग्णालयाचा गणवेशाचा नियम आणि वसतिगृहाची परतण्याची वेळ करारावर सही करण्याआधी विचारून घ्या.

पोहोचल्यावर इकामा, म्हणजे रहिवासी ओळखपत्र, मालकाने काढून द्यायचे असते. सौदी सरकारच्या ‘किवा’ पोर्टलवर नोंदलेला करार उघडून भारतात सही केलेल्या कराराशी पडताळा. मालकाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवणे तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. मार्च २०२१ च्या कामगार सुधारणांनंतर ठरलेल्या अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते आणि सुट्टीवर मायदेशी येता येते. अडचण आली तर रियाधचा भारतीय दूतावास, जेद्दाहचे वाणिज्य दूतावास किंवा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. या सगळ्या कागदांची एकेक प्रत घरीही ठेवा, म्हणजे तक्रार इथूनही करता येईल.