चाचणीत पास झालेल्या बाटल्या: औषधनिर्मितीतील नियमपालनाची पार्श्वभूमी

मार्च १९७२ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ शहरात, डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात, सलाइनवाटे डेक्स्ट्रोज दिलेले काही रुग्ण दगावले. बाटल्यांमध्ये जिवाणू वाढलेले होते. हा माल वर्षभरापूर्वी कारखान्यात निर्जंतुक केलेला होता आणि निर्जंतुकतेच्या चाचणीत पासही झालेला होता. क्लोदिअर समितीच्या चौकशीत कारण उघड झाले. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, हवा अडकून राहिली, त्यामुळे खालच्या भागातील बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळालीच नाही. तापमान नोंदवणाऱ्या यंत्राने ते दाखवलेही होते, पण यंत्रच बिघडले असेल असे समजून त्याकडे दुर्लक्ष झाले.

औषध उद्योगातील नियमपालनाचा विचार करताना मला ही घटना सर्वांत महत्त्वाची वाटते. शेवटी दोन-चार नमुने तपासून बॅच सोडण्याच्या पद्धतीची मर्यादा तिने निर्विवादपणे दाखवून दिली. ‘प्रक्रिया दरवेळी अपेक्षित परिणाम देते याचा पुरावा आधी दाखवा’ हा व्हॅलिडेशनचा आग्रह सत्तरच्या दशकात धरला जाऊ लागला, त्यामागे अशाच दुर्घटना होत्या.

त्याआधीचे नियमही मृत्यूंनंतरच आले. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध विरघळवण्यासाठी एका कंपनीने डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन वापरले आणि शंभरावर माणसे मेली. विषारीपणा तपासण्याची कायद्यात सक्तीच नव्हती. माल जप्त करायला एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, मिळालेला आधारही किती तोकडा! ‘एलिक्सिर’ (म्हणजे अल्कोहोल असलेले द्रावण) म्हणून विकलेल्या औषधात अल्कोहोल नव्हते, म्हणजे लेबल चुकीचे, एवढाच. १९३८ च्या कायद्याने विक्रीपूर्वी सुरक्षितता दाखवणे बंधनकारक केले. १९४१ मध्ये सल्फाथायाझोल या जंतुसंसर्गावरच्या औषधाच्या गोळ्यांत फेनोबार्बिटल हे झोप आणणारे औषध मिसळले गेले. औषधाचे सूत्र ठीक होते, घोळ कारखान्यात झाला होता. गर्भवतींनी घेतल्याने बाळांत जन्मजात व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या प्रकरणानंतर १९६२ मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि १९६३ मध्ये अमेरिकेत जीएमपीचे, म्हणजे उत्तम उत्पादन पद्धतींचे, पहिले नियम आले.

पुढचा प्रश्न नोंदींच्या खरेपणाचा होता. १९८० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील जेनेरिक औषध कंपन्यांचे लाच आणि बनावट माहितीचे प्रकरण बाहेर आले. बार लॅबोरेटरीज या अमेरिकी औषध कंपनीच्या १९९३ मधील खटल्याने प्रयोगशाळांतील एका जुन्या सवयीला चाप लावला. नमुना नापास झाला की पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचे, ही ती सवय. नापास निकाल बाजूला ठेवायचा असेल तर तो चुकीचा का, हे शोधून दाखवणे आवश्यक ठरले. आजची ओओएस तपासणी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या निकालाची चौकशी, बऱ्याच अंशी या निकालावर उभी आहे. डेटा इंटिग्रिटीवरून, म्हणजे नोंदींच्या खरेपणावरून, ऑडिटमध्ये जी कडक विचारपूस होते, तिचे मूळही याच काळात सापडते.

‘जोखीम’ हा शब्द नियमांच्या केंद्रस्थानी आला तो २००२ नंतर. सगळीकडे सारखेच लक्ष देण्यापेक्षा रुग्णाला जिथे जास्त धोका तिथे जास्त लक्ष, अशी दिशा एफडीएने घेतली. २००५ मध्ये आयसीएच या, औषधांचे नियम देशोदेशी एकसारखे करणाऱ्या संस्थेच्या क्यू-९ मार्गदर्शिकेने तिला आंतरराष्ट्रीय चौकट दिली. इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती गंभीर, या दोन्हींचा एकत्र विचार म्हणजे जोखीम, ही तिची व्याख्या.

पण चौकट आली म्हणून धोका टळला नाही. २००६ मध्ये पनामात खोकल्याच्या औषधातून पुन्हा डायएथिलिन ग्लायकॉलच लोकांच्या पोटात गेले. ‘ग्लिसरीन’ अशी चिठ्ठी लावलेली पिंपे चीनमधून स्पेनमार्गे अनेक हातांतून पोहोचली. प्रमाणपत्र पुढे सरकत राहिले, आतला द्रव मात्र वाटेत कोणी तपासला नाही. २००७ मध्ये एफडीएने ग्लिसरीनच्या प्रत्येक लॉटमध्ये हे रसायन तपासावे, असे सांगितले. तरीही २०२२ मध्ये गांबियात दूषित सिरपशी जोडलेले मुलांचे मृत्यू झाले.

२०२३ मध्ये क्यू-९ ची सुधारित आवृत्ती आली. जोखमीला दिलेले गुण (स्कोअर) मोजणाऱ्याच्या मतानुसार बदलतात, या दोषाला तिने थेट हात घातला आणि ही व्यक्तिनिष्ठता कमी करण्याची जबाबदारी मूल्यांकनात सहभागी असलेल्या प्रत्येकावर टाकली.