सांधा सैल झालाय की आत जंतू शिरलेत?

माझ्या आत्याचा उजवा गुडघा बदलला त्याला चार वर्षं झाली होती. त्यातली दोन बरी गेली, मग गुडघा पुन्हा दुखायला लागला. एक्स-रेत नवा सांधा हाडाला धरून ठेवणारं सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ दिसली. ‘सांधा सैल झालाय, वयोमानाने होतं असं,’ एवढं सांगून आम्हाला घरी पाठवलं आणि आम्हीही ते धरून बसलो.

ती रेघ फक्त हाडाची पकड सुटलीय एवढंच सांगते. कशामुळे सुटली ते सांगत नाही. पकड झिजेमुळेही सुटते आणि जंतूंमुळेही. फोटोत दोन्ही अगदी सारखं दिसू शकतं, उपचारांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

झिजेचं आधी सांगते. धातूच्या दोन भागांमध्ये प्लास्टिकची चकती असते. पावलागणिक तिचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. शरीरातल्या पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या खवळतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर आजूबाजूचं हाड विरघळायला लागतं. इंग्लंडमधल्या राइटिंग्टनच्या इस्पितळात हाडांचे सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी सुरुवातीला टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या होत्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि पेशंटची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. चार्नलींनी टेफ्लॉनचा भुगा स्वतःच्या मांडीत घालून घेतला, तर तिथे गाठी आल्या. १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलिन हे दुसरं प्लास्टिक वापरायला घेतलं आणि आजही बहुतेक सांध्यांत त्याचीच सुधारलेली जात असते. याच माणसाने ऑपरेशनच्या जागी गाळलेली हवा खेळवायला सुरुवात केली आणि इतर खबरदारीही वाढवली. त्यातून त्यांच्याकडचं जंतुसंसर्गाचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आलं. दोन्ही शत्रूंशी लढलेला एवढा मोठा माणूस दुसरा नसेल.

आता जंतू. पहिल्यांदाच बदललेल्या सांध्यांत शंभरात साधारण एक-दोघांना हा त्रास होतो. बहुतेकदा ते आपल्या कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचेच असतात. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे ते निवांत बसतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा. नुसतं पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. गोळ्यांनी मोकळे फिरणारे जंतू मरतात, चार दिवस बरं वाटतं, थराखालचे मात्र तसेच राहतात.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच ताप, लाली, पू, किंवा वर्षांनंतर पायाच्या जखमेतले जंतू रक्तातून आल्याने एका रात्रीत सुजलेला गुडघा, यात कोणाचीच फसगत होत नाही. फसवतो तो दबा धरून बसलेला संसर्ग. ताप नाही, लाली नाही, फक्त दुखणं.

म्हणून दुखतं कधी, हे नीट विचारावं लागतं. नुसता सैल सांधा खुर्चीतून उठताना, पहिल्या चार पावलांना दुखतो आणि आडवं झालं की शांत होतो. जंतू असलेला सांधा बसल्या जागी, रात्रीही ठणकतो. दहा-पंधरा वर्षं छान चाललेला सांधा हळूहळू कुरकुरायला लागला तर झीज संभवते. पहिल्या काही वर्षांतच सैल झाला तर मात्र आधी जंतूंचा संशय घ्यायला हवा. अर्थात हे नुसते अंदाज आहेत.

आत्याच्या वणाच्या खालच्या टोकाला मसुराएवढी पुळी होती. दर दोन-तीन आठवड्यांनी ती पाझरायची आणि परकराला पिवळट डाग पडायचा. ती हळद लावायची, पुळी सुकायची. कोणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी वणावरून बोट फिरवलं तेव्हा ते दिसलं. असं छिद्र सांध्यापर्यंत पोचलेलं असेल तर जंतुसंसर्ग ठरलाच, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. पण कुठला जंतू, हे छिद्राच्या तोंडाशी कापूस फिरवून कळत नाही. तिथे कातडीवरचे जंतू भेसळ करतात.

त्यासाठी सुईने सांध्यातलं पाणी काढतात. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्यांचे आकडे वाढलेले असले तर संशय बळावतो, पण नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होता येत नाही. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. जुन्या सांध्यात एका मायक्रोलिटरमध्ये ३००० च्या वर निघाल्या तर प्रकरण गंभीर. कल्चर, म्हणजे त्या पाण्यातले जंतू वाढवून पाहायची चाचणी, १४ दिवसांपर्यंत ठेवावं लागतं, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. आणि इथेच आपल्याकडे घात होतो. आत्याने गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेतलं होतं, त्यामुळे पहिल्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबायचं आणि पुन्हा सुई, असं ठरलं.

नुसती झीज असती तर एका ऑपरेशनमध्ये सैल भाग बदलून काम झालं असतं. जंतू असताना तेच केलं तर नव्या धातूवरही तोच थर चढतो. संसर्ग अगदी ताजा असेल तर सांधा उघडून, धुऊन, प्लास्टिक बदलून धातू वाचवता येतो. जुना असेल तर सगळं काढावं लागतं. काही ठिकाणी त्याच ऑपरेशनमध्ये नवा सांधा बसवतात. बहुतेकदा मात्र मध्ये अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात आणि काही आठवड्यांच्या औषधांनंतर नवा सांधा घालतात.

दुसऱ्या वेळचं कल्चर सहाव्या दिवशी उगवलं. आत्याच्या गुडघ्यात आता तो ठोकळा आहे आणि बोटभर वाकवायलाही मनाई आहे. रोज सकाळी वॉकर धरून ती दारापर्यंत जाते आणि दुधाची पिशवी स्वतः उचलते.