मज्जारज्जूच्या इजेनंतरची पोटाची सोनोग्राफी

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीची मूत्रपिंडे, मूत्राशय व पोटातील इतर अवयव यांची, काहीही त्रास जाणवत नसला तरी ठरावीक काळाने केली जाणारी तपासणी. साधारणपणे ती वर्षातून एकदा करतात. मूत्रपिंडांना धोका अधिक असेल, तर सहा महिन्यांनी.

‘त्रास नसला तरी’ हेच या तपासणीचे मर्म आहे. पूर्ण इजेत, म्हणजे मज्जारज्जूतून संदेश जाणे पूर्णपणे थांबलेले असताना, इजेच्या जागेखालच्या संवेदना मेंदूपर्यंत पोचत नाहीत. एरवी माणसाला गडाबडा लोळायला लावणारा मुतखडा इथे मुकाट वाढत राहतो. पायांचा ताठरपणा वाढणे, घाम फुटणे, ताप येणे अशा आडवळणाच्या खुणा तेवढ्या दिसतात, त्याही नेहमीच नाहीत. पित्ताशयातील खडेही या रुग्णांत अधिक आढळतात.

मुख्य चिंता मूत्रपिंडांची. लघवी होताना मूत्राशय आकुंचन पावते आणि त्याच वेळी तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो. इजेनंतर हा मेळ बिघडला, तर दोन्ही एकदमच आवळले जातात. मूत्राशयातला दाब वाढतो, लघवी वर तुंबते आणि मूत्रपिंडे फुगू लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत मूत्रपिंडे निकामी होणे हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण होते. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमान यांनी या रुग्णांसाठी खास विभाग सुरू केला. तिथल्या उपचारांत मूत्रमार्गाच्या काळजीला मोठे स्थान होते.

मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या रक्तातील प्रमाणावर एकट्यावर विसंबणे धोक्याचे. ते स्नायूंतून तयार होते आणि लुळे स्नायू रोडावलेले असतात. त्यामुळे मूत्रपिंडे बिघडूनही आकडा सामान्य दिसू शकतो. सोनोग्राफीत मूत्रपिंडांची सूज, खडे, मूत्राशयाची जाड झालेली भिंत आणि लघवीनंतर उरलेले मूत्र दिसते. मूत्राशयातील दाब मात्र कळत नाही. त्यासाठी युरोडायनॅमिक तपासणी लागते. मंदावलेल्या आतड्यांत साचलेला वायू चित्र झाकतो, मूत्रवाहिनीतले खडे निसटतात. वर्षानुवर्षे कॅथेटर (मूत्राशयातून लघवी काढणारी नळी) असलेल्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका आली, तर दुर्बिणीतूनच पाहावे लागते.

तपासणीसाठी मूत्राशय भरलेले हवे असते, म्हणून कायमचा कॅथेटर काही वेळ बंद ठेवतात. इजा सहाव्या वक्षीय (छातीच्या भागातील) मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर इथे फार जपावे लागते. मूत्राशय ताणले गेले की रक्तदाब अचानक धोकादायक चढू शकतो. डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, तर तपासणी थांबवून रुग्णाला उठते बसवावे आणि कॅथेटर ताबडतोब मोकळा करावा. कडक टेबलावर फार वेळ झोपवल्यास दाबव्रण (सतत दाबाने त्वचेला पडणाऱ्या जखमा) होतात, त्यामुळे खाली मऊ गादी हवी.