मुठीवरचं रबर आणि १०,००० व्होल्ट

घरातल्या पक्कडीच्या दांड्यांवर लाल किंवा काळं आवरण असतं आणि त्याच्या भरवशावर कितीतरी जण चालू बोर्डात हात घालतात. पण साध्या पक्कडीवरचं हे आवरण हात घसरू नये, मूठ बोचू नये एवढ्यासाठीच चढवलेलं असतं. वीज अडवण्याची त्याची परीक्षा कुणी घेतलेली नसते. कोरड्या हातांनी बरेचदा निभावून जातं, म्हणून गैरसमजही टिकून राहतो.

खरं इन्सुलेटेड हत्यार त्याच्या खुणेवरून कळतं: एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण आणि शेजारी १००० व्होल्टचा आकडा. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाची ही खूण. एसीसाठी १००० व्होल्ट आणि डीसीसाठी १५०० व्होल्ट ही त्याची मर्यादा. चाचणी मात्र १०,००० व्होल्टवर होते, आणि तीही पाण्यात. नमुन्याचं हत्यार आधी २४ तास पाण्यात ठेवतात. मग मूठ पाण्यात बुडवून आतलं लोखंड आणि बाहेरचं पाणी यांच्यात तो विद्युतदाब ३ मिनिटं देतात आणि किती करंट झिरपतो ते मोजतात. पुढे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगाला याच दाबाखाली १० सेकंद काढावी लागतात.

पाणीच का? प्लास्टिकमधले इलेक्ट्रॉन रेणूंच्या बंधांत घट्ट अडकलेले असतात, धातूतल्यासारखे मोकळे फिरत नाहीत. त्यामुळे मिलिमीटरभर चांगलं प्लास्टिक हजारो व्होल्ट सहज पेलतं. इतकंच काय, तेवढी कोरडी हवासुद्धा साधारण ३००० व्होल्टपर्यंत तग धरते. म्हणजे २३० व्होल्टसाठी जाडीचा प्रश्न फारसा नसतोच. घात करते ती भेग. केसाएवढ्या भेगेत घाम शिरला की संपलं, कारण घाम म्हणजे खारट पाणी आणि त्यातले आयन वीज बिनदिक्कत वाहून नेतात. चाचणीतलं पाणी नेमकी हीच भेग शोधत असतं.

ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला १००० ने भागा: २३० मिलिअँपिअर. साधारण १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काही पट करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. पक्कड तर मुळात मुठीत आवळूनच धरायची वस्तू!

स्क्रूड्रायव्हरची गंमत वेगळी. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरची दांडी जवळजवळ टोकापर्यंत झाकलेली असते, उघडं राहतं ते दोन सेंटीमीटरहून कमी. इथे हाताच्या बचावाइतकाच शॉर्टसर्किटचा विचार असतो. उघडी दांडी एका बाजूनं फेजला आणि दुसऱ्या बाजूनं अर्थिंग केलेल्या पत्र्याच्या पेटीला टेकली की भडका उडतो, वितळलेले धातूचे कण तोंडावर येतात. साध्या दांडीवर चिकटपट्टी गुंडाळणारे महाभाग बरेच आहेत. उष्णतेनं तिचा गोंद सरकतो, कडा सुटतात, तिथे धूळ आणि ओल साचते. त्यापेक्षा मेन स्विच बंद करून टेस्टर लावून बघणं सोपं. ते तर इन्सुलेटेड हत्यार हातात असतानाही करायचंच. हत्यार आहे ते चूक झालीच तर.

मानकातल्या बाकीच्या चाचण्याही वाचण्यासारख्या आहेत. उणे २५ अंशांपर्यंत गारठवून आघात करतात, कारण थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. ७० अंशांच्या भट्टीत आठवडाभर तापवून मग आवरण धातूवरून ओढून बघतात, सुटतंय का म्हणून.

काही उत्पादक आवरणाचे दोन थर देतात, आत पिवळा आणि वर लाल. पिवळा दिसू लागला की हत्यार बाद. माझ्या पेटीतल्या पक्कडीवर जबड्याच्या खाली, बोट घसरू नये म्हणून ठेवलेल्या उंचवट्याशी, नखाएवढा पिवळा ठिपका उघडा पडला आहे. चालते अजून उत्तम, पण आता ती फक्त खिळे उपटायला.