कॉइलओव्हर लावले की सेडान मऊ चालते?

“महागडे कॉइलओव्हर बसवा, गाडी लोण्यासारखी चालेल आणि वळणावर रस्ता सोडणार नाही,” हे बरीच वर्षं फिरतंय. यातलं अर्धंच खरं आहे.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवती गुंडाळलेली स्प्रिंग. बहुतेक सेडानच्या पुढच्या चाकांना कंपनीचीच तशी जोडणी असते. विकत मिळणाऱ्या सेटमध्ये आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येते, पण स्प्रिंग सहसा कडक असते. त्यामुळे वळणावर गाडी कमी कलते, हे खरं. मात्र गाडी खाली बसवली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. खड्ड्यात सस्पेन्शन शेवटच्या रबरावर आपटतं आणि तो दणका थेट कमरेत. स्पीडब्रेकरला पोट घासतं ते वेगळंच.

आधी स्वतः तपासा. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का? शॉकअपवर तेल ओघळलंय का? बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांमधली रबरं) फाटलेत का? गाडीचा कोपरा दाबून सोडा. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेलाय. बऱ्याचदा मूळ मापाचे नवे शॉकअप आणि बुश टाकले की ‘जुनी’ झालेली गाडी पुन्हा ताळ्यावर येते, तेही बऱ्याच कमी पैशांत. ट्रॅकवर पळवायची असेल तर कॉइलओव्हर जरूर घ्या, फक्त उंची बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातात.