व्हॅनमधलं पाणी : गाडी ताब्यात घेण्याआधी वाचा

आमची व्हॅन घेऊन तुम्ही कोकण किनाऱ्याने निघणार आहात. गादी, शेगडी, दिवे, चार्जिंग हे सगळं गाडी देताना आम्ही समजावून सांगतोच. पाण्याचं मात्र वेगळं लिहून हातात द्यावं असं ठरवलं. प्रवासातून आमच्याकडे येणारे फोन बहुतेक पाण्याचेच असतात. शिवाय इथे पाणी कुठून घ्यायचं हा तुमच्या पोटाचा प्रश्न असतो, तसाच ज्या वाडीत तुम्ही थांबाल तिथल्या माणसांचाही असतो.

गाडीत काय आहे

गादीखालच्या टाकीत ८० लिटर पाणी मावतं. ते १२ व्होल्टच्या पंपाने सिंकला आणि मागच्या दाराच्या शॉवरला येतं. पिण्याचा २० लिटरचा जार वेगळा आहे, त्याला खाली तोटी आहे. हे दोन्ही कधीही एक करू नका. टाकीतलं पाणी भांड्यांना, हातपाय धुवायला आणि अंघोळीला वापरा. जारमधलं फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला ठेवा. टाकी आम्ही क्लोरीनने धुऊन देतो, पण वाटेत तुम्ही तिच्यात काय भरता ते आमच्या हातात नसतं.

दोघांनी बेताने वापरलं तर टाकी दोन दिवस पुरते. शॉवर मोकळा सोडलात तर तीच टाकी दहा-बारा मिनिटांत संपते. त्यासाठी एक बादली आणि तांब्या ठेवला आहे. समुद्रातून आल्यावर अंगावरचं मीठ काढायला पाच-सहा तांबे पुरेसे होतात. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यात मात्र काटकसर नको. एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंगातलं पाणी किती गेलं ते कळतही नाही. माणशी दिवसाला चार लिटर धरून चाला.

भरलेली टाकी म्हणजे ८० किलो वजन. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढायचा असेल तर पाऊण टाकी रिकामी ठेवा आणि वर पोचल्यावर भरा. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि गाडी बाहेर ओढली गेल्यासारखी वाटते. तशी वाटली तर घाबरू नका, वेग कमी करा.

एवढा पाऊस, तरी टंचाई का

देशावरच्या पाहुण्यांना हे नेहमी कोडं वाटतं. किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. याचं उत्तर पायाखालच्या दगडात आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी चटकन पितो आणि तेवढ्याच चटकन डोंगराच्या कुशीतून झऱ्यावाटे सोडून देतो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं, उतार मोठा, नद्या आखूड. पाणी जमिनीत थांबायला फुरसतच मिळत नाही. दिवाळीत खळखळणारा पऱ्ह्या, म्हणजे लहान ओढा, शिमग्याच्या सुमाराला ओलसर दगडांची रांग होऊन बसतो.

म्हणून नकाशावर निळी रेघ दिसली की तिथे पाणी असेलच असं समजू नका. फेब्रुवारीनंतर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, तर मुळीच नाही. उघडा कातळ, सुकलेलं गवत, सुंदर सूर्यास्त, आणि मैलभरात पाण्याचा थेंब नाही. सड्यावर मुक्काम करायचा तर टाकी आणि जार भरूनच वर चढा. वाशिष्ठी मेमध्येही वाहताना दिसेल, पण ती आपल्या पाण्यावर वाहत नसते. कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं अवजल तिच्यात येतं. ते पिण्याचं पाणी नव्हे.

शोधू नका, विचारा

कोकणात बेवारस पाणी जवळजवळ नसतंच. विहीर कुणाच्या तरी आगरातली, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतली असते, झऱ्यावर कुठल्या तरी वाडीचा हक्क असतो, देवराईतलं पाणी देवाचं असतं. त्यामुळे इथे पाणी शोधायला झाडाझुडपात शिरण्यापेक्षा दारात उभं राहून, “काकू, दोन कॅन पाणी मिळेल का?” असं विचारणं हाच सरळ मार्ग. मालवणाकडे “पाणी गावतला काय?” म्हणालात तर समोरचं माणूस हसून आधी तांब्या पुढे करील. नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. त्या घरात त्या दिवशी खरंच नसेल.

आमचा सगळ्यात मनापासूनचा सल्ला असा : एक रात्र मोकळ्यावर काढलीत तर दुसरी एखाद्या घरगुती निवासाच्या खळ्यात (अंगणात) काढा. जेवण तिथेच घ्या, गाडी लावायचे आणि पाण्याचे पैसे आधी ठरवून द्या, आणि सकाळी टाकी भरून निघा. ग्रामपंचायतीचा नळ बहुतेक गावांत ठरावीक वेळच येतो. त्या वेळात घरची माणसं आपली पिंपं, हंडे, कळशा भरत असतात. त्यांचं भरून झाल्यावर आपला टाकी भरायचा निळा पाइप लावा, आधी नको.

पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी फुकट ठेवायचं असा तेल कंपन्यांचा नियम आहे. बाटल्या तिथे भरून घ्या. टाकी भरायची असेल तर डिझेल भरताना विनंती करा, बरेच जण नाही म्हणत नाहीत. मुंबई-गोवा महामार्गावर पंप बरेच आहेत, सागरी महामार्गावर विरळ. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीने खाडी ओलांडणार असाल तर अलीकडच्या काठावरच पाणी घेऊन ठेवा. बोट चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत उन्हात गाडीतच बसावं लागतं.

विहिरीवर

किनाऱ्यालगतच्या आगरांतल्या विहिरी उथळ असतात, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्यांचं पाणी गोड असतं. सिंधुदुर्ग किल्ल्यात तर चारी बाजूंना समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत. मुरूडच्या जंजिऱ्यातही गोड्या पाण्याचे तलाव आहेत. पाहुणे याला चमत्कार म्हणतात. वाळूच्या पट्ट्यातल्या विहिरींचं कारण मात्र साधं आहे, आणि ते कळलं तर तुम्ही तिथे पंप टाकणार नाही.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर साईसारखं तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. गणित उलटही लागू होतं. उपसा करून पातळी थोडी जरी उतरवली तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. मग विहीर मचूळ होते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पुढचा पावसाळा लागू शकतो. आपल्या एका अंघोळीसाठी कुणाच्या नारळी-पोफळींचं पाणी खारवणं बरं नाही. पोहऱ्यानेच काढा.

एकदा आमचेच एक पाहुणे मे महिन्यात वाडीच्या विहिरीत पंप सोडून ८० लिटर घेऊन गेले. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, विहिरीत पाणी दिसलं म्हणून घेतलं. पण ते रात्रभर झिरपून साचलेलं पाणी होतं, आणि पहाटे कळशी घेऊन आलेल्या बायकांना पुढचे काही तास तिथेच बसून राहावं लागलं. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून आम्ही विहिरीत सोडायचा पंप गाडीबरोबर देत नाही, आणि १५ एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत वाडीच्या सार्वजनिक विहिरीतून टाकी भरू नये असं करारातच लिहितो. त्या दिवसांत टाकी निवासाच्या ठिकाणी पैसे देऊन भरा.

विहिरीच्या चौथऱ्यावर चपला घालून चढू नका. त्या घरचाच पोहरा वापरा, आपली बादली आत सोडू नका. कपडे, भांडी आणि अंघोळ विहिरीपासून लांब. हे शहाणपण तुम्हाला सांगायला नको, पण सुट्टीच्या उत्साहात विसरायला होतं.

हे पाणी घेऊच नका

खाडीकाठच्या विहिरीचं पाणी तोंडात घेऊन पाहा. मचूळ लागलं तर सोडा. भरती खाडीतून फार आतवर येते, दाभोळच्या खाडीची तर चिपळूणशेजारच्या गोवळकोटापर्यंत. गाडीतल्या पेटीत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर आहे. ५०० च्या आत आकडा असेल तर उत्तम, २,००० च्या वर असेल तर ते पाणी पिऊ नका. मीटर नसला तर जुनी खूण आहेच : साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. चहा काळपट झाला तर पाण्यात लोह आहे. जांभ्याच्या पाण्यात ते असतं, त्याने लगेच अपाय होत नाही. मीटर फक्त क्षार मोजतो, जंतू नाही. आकडा ६० दाखवणाऱ्या झऱ्यानेही जुलाब होतात.

आंब्याच्या बागेतली टाकी, शेततळं, झाडाखाली ठेवलेलं निळं पिंप यांच्या वाटेला जाऊ नका. मोहोर येण्याच्या सुमारापासून फळ तयार होईपर्यंत बागेत फवारण्या चालू असतात, आणि औषध त्याच पाण्यात, त्याच पिंपात कालवलं जातं. ही एकच गोष्ट तुम्ही या कागदातून लक्षात ठेवलीत तरी चालेल, कारण हे पाणी स्वच्छ दिसतं आणि उकळून त्यातलं विष जात नाही. लोटे-परशुराम, महाड अशा औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाचे ओढेही टाळा. ओढ्यावर मातीच्या पोत्यांनी घातलेल्या वनराई बंधाऱ्यात साचलेलं पाणी गुरांचं आणि भाजीचं. उन्हवरे, तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे इथल्या गरम झऱ्यांत अंघोळ जरूर करा, पण ते गंधकाचं पाणी जारमध्ये नको.

पिण्यालायक करताना

सोबत वजनावर चालणारा, म्हणजे विजेशिवायचा, यूएफ (अतिसूक्ष्म गाळणीचा) फिल्टर दिला आहे. आरओ आम्ही मुद्दाम बसवला नाही. तो जेवढं पाणी देतो त्याहून जास्त फेकून देतो, आणि ८० लिटरच्या टाकीला ते परवडत नाही. यूएफमधून गाळ आणि जिवाणू अडतात, पण विषाणू निसटू शकतात. म्हणून आधी फडक्याने गाळा, मग फिल्टर, मग क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. वास आवडत नसेल तर जारचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवा, तो उडून जातो.

याहून भरवशाचं म्हणजे उकळणं. बुडबुडे खदखदू लागल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवलं की झालं. आपल्या लहान शेगडीवर ५ लिटरला साधारण अर्धा तास लागतो. रात्री जेवण झाल्यावर पातेलं चढवा, झाकून निवू द्या, सकाळी जारमध्ये ओता. बरोबर लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर रोज हेच करा.

तरीही पोट बिघडलंच तर ओआरएसची पाकिटं औषधाच्या डब्यात आहेत. जुलाबात रक्त दिसलं, ताप चढला, किंवा लघवी फार कमी झाली तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि मग आम्हाला फोन करा. बुकिंगची चिंता करू नका.

पावसाळ्यात

मिरग लागला की पाणीच पाणी, पण गढूळ. पहिले दोन-तीन पाऊस डोंगरावरची सगळी घाण खाली आणतात. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. तुरटी फिरवून रात्रभर ठेवा, वरचं निवळलेलं अलगद काढून घ्या, मग गाळा आणि उकळा. सिंधुदुर्गात या दिवसांत लेप्टोचे रुग्ण आढळतात. तो आजार उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायावरच्या साध्या जखमेतूनही अंगात शिरतो. म्हणून शेताच्या बांधावरून, चिखलातून अनवाणी चालू नका.

त्यापेक्षा आभाळाचंच धरा. गाडीचं छप्पर-कापड २ मीटर बाय २ मीटर आहे. १० मिलिमीटर पाऊस झाला की त्यावरून ४० लिटर पाणी उतरतं, आणि इकडे एवढा पाऊस एका सरीतही पडून जातो. कापड धुवून निघेपर्यंत पहिलं पाणी जाऊ द्या, मग एक कोपरा खाली बांधून बादली ठेवा. नदीच्या पात्रात किंवा पऱ्ह्याच्या तोंडाशी पाण्याच्या सोयीसाठी गाडी लावू नका. घाटात पाऊस पडतो तेव्हा खाली ऊन असू शकतं, आणि लोंढा सांगून येत नाही.

सांडपाणी

सिंकचं पाणी खालच्या करड्या टाकीत जमतं. ती पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर), खाडीत किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला सोडू नका. इकडच्या घरांत मोरीचं पाणी केळीला किंवा अळवाला जातं. जिथे उतरलात तिथल्या घरात विचारा, ते जागा दाखवतील. त्यासाठी साबण कमी वापरा आणि भांड्यांवरचं तेल आधी कागदाने पुसून घ्या. करड्या टाकीचा पाइप काळा आहे, स्वच्छ पाण्याच्या टाकीचा निळा. काळा पाइप चुकूनही नळाला लावलात तर आम्हाला सांगा. आम्ही काही बोलणार नाही, फक्त टाकी पुन्हा धुऊन देऊ.

गाडी परत करताना दोन्ही टाक्या रिकाम्या करून झाकणं उघडी ठेवा, आणि जारमध्ये पाणी उरलं असेल तर ते आमच्या दारातल्या तुळशीला घाला.