भिशीची वही आणि एकोणिसावं गुणसूत्र

नौपाड्यातली माझी आत्या आळीतल्या बायकांची भिशी सांभाळायची. पट्टीने आखलेली वही, बारा नावं, बारा महिने, हप्ता आला की लाल टिंब. दोन वर्षांपूर्वी, ती 68 वर्षांची असताना, त्या वहीत एकाच पानावर एकच नाव तीनदा आलं. पण तलावपाळीवर फिरायला नेलं, की कोणाच्या लग्नात पंगतीला काय होतं ते ती घडाघडा सांगायची. त्यामुळे सगळे म्हणाले, "वय झालं." पहिल्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं. अल्झायमरचं निदान व्हायला दीड वर्ष गेलं आणि ते मला अजून सलतं.

अल्झायमर बायकांमध्ये जास्त आढळतो. त्या जास्त जगतात म्हणून, हे नेहमीचं उत्तर खरं आहे, पण अर्धंच.

एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई नावाचं जनुक असतं. त्यापासून बनणारं प्रथिन मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करतं आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा अमायलॉइड नावाचा चिकट कचरा उपसायला मदत करतं. त्याची दोन, तीन आणि चार अशी तीन रूपं सर्रास आढळतात. 299 अमिनो आम्लांच्या या साखळीत तीन आणि चार क्रमांकांच्या रूपांमध्ये फरक आहे फक्त एका मण्याचा. 112व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनीन आलं, की कचरा उपसण्याचं काम मंदावतं. या चार क्रमांकाच्या रूपाचा अल्झायमरशी असलेला संबंध 1993 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. आईवडिलांपैकी एकाकडून ते आलं तर धोका साधारण तिप्पट होतो, दोघांकडून आलं तर आणखी बराच वाढतो. तरी ते असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. आत्याची जनुकीय तपासणी आम्ही केलेली नाही.

हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. म्हणजे मुलाला आणि मुलीला ते मिळण्याची शक्यता सारखीच. मग त्याचा भार सारखा का पडत नाही? 2017 मध्ये सुमारे 58,000 लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. 55 ते 85 या पूर्ण वयोगटात, चार क्रमांकाची एक प्रत असलेल्या स्त्री-पुरुषांचा धोका जवळपास सारखाच निघाला. पण 65 ते 75 या दहा वर्षांत बायकांचा धोका जास्त होता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण नेमकं कोणत्या वयात डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते तो सांगतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि त्याचा मेंदूच्या ऊर्जेवर परिणाम होतो, ही या फरकामागची एक शक्यता मानली जाते.

एक्स गुणसूत्राचाही हात असू शकतो. बायकांच्या पेशींत दोन एक्स असतात. त्यांतला एक बहुतांशी बंद असतो, पण काही जनुकं तिथूनही काम करत राहतात. त्यांतलं एक यूएसपी-11. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत टाऊ नावाचं प्रथिनही साचतं. ते मोडीत काढायचं असलं, की पेशी त्यावर एक खूण चिकटवते. या जनुकापासून बनणारं विकर ती खूण काढून टाकतं आणि टाऊ साचत जातं. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे शिक्षणाचीही भर पडते. भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांमध्ये आणि कमी शिकलेल्यांमध्ये ते प्रमाण जास्त आहे. आत्याची शाळा सातवीत सुटली, कारण धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या बाबांची, फी भरायची होती. बाबा हे आता स्वतःहून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज बसतो.

आणि ते घडाघडा बोलणं? शब्द लक्षात ठेवण्यात बायका सरासरीने आयुष्यभर पुरुषांच्या पुढे असतात. शब्दांची यादी आठवायला लावणाऱ्या चाचणीत दोघांना एकच मोजमाप लावलं, तर बाईचा आजार सुरुवातीला झाकला जातो. कळतो तेव्हा घसरण बरीच झालेली असते. म्हणून घरातल्या बाईला दाखवायला नेताना तिच्या हातची वही, हिशेबाचे कागद सोबत न्या.

दुसऱ्या खेपेला आम्ही भिशीची वही नेली. शब्दांच्या यादीत आत्याला बरे गुण मिळाले होते. डॉक्टरबाईंनी पाच वर्षांपूर्वीचं पान आणि ताजं पान शेजारी-शेजारी धरलं आणि यादी बाजूला ठेवून पुढच्या तपासण्या लिहून दिल्या.